ओसरीवरची उमेदवारी

वऱ्हाडात हल्ली नोकऱ्या पिकतात, असं पुण्या-मुंबईकडचे लोक म्हणतात. खोटं नाही. तिकडे अमेरिकेत लढाई जुंपली आणि इकडे आमच्या काळ्या मातीतल्या बोंडाला कोणी स्वप्नात पाहिला नव्हता असा भाव आला. मग रेल्वे आली, आणि रेल्वेच्या पाठोपाठ विद्याखातं आलं. अमरावतीस मोठी शाळा, अकोल्यास पंतोजी तयार करण्याची शाळा, शाळा तपासणारे साहेब, त्यांच्या कचेऱ्या, कचेऱ्यांत कारकून. एवढ्या जागा भरायच्या तर माणसं पाहिजेत. ती कुठून आली आणि कशी आली, हे मी सांगू शकतो. अमरावतीच्या त्या कचेरीच्या ओसरीवर मी पावणेदोन वर्षं बसलो आहे.

बसलो होतो म्हणजे नोकरीस होतो असं कोणी समजू नये. मी उमेदवार होतो. ज्यांनी कचेरी पाहिली नाही त्यांच्यासाठी लिहितो: उमेदवार म्हणजे जागा रिकामी होईल या आशेवर फुकट राबणारा माणूस. हजेरीपटावर त्याचं नाव नसतं. शाई घरची, बोरू घरचे, टिपायची वाळूसुद्धा घरची. आतल्या जाजमावर कायम झालेले कारकून बसतात. उमेदवारानं ओसरीवर आपलं घोंगडं टाकायचं. दिवसभर मसुदे लिहायचे, पण साहेबांच्या मेजावर जाणारा कागद त्याच्या हातचा असता कामा नये. मसुदा आत जातो, आतला कारकून त्याची स्वच्छ नक्कल करतो, मसुदा फाडला जातो. म्हणजे काम झालं, आणि ते करणारा कोणी नव्हताच! संध्याकाळी मुख्य कारकुनाच्या घरी भाजी पोचवायची ती वेगळी.

मी पुण्यास चार वर्षं शिकलो होतो. मुंबईच्या युनिव्हर्सिटीची प्रवेशपरीक्षा पास झालो होतो. आमच्या तिवस्याच्या बाजूस ही परीक्षा काय असते हेही कोणास ठाऊक नव्हतं. पुण्यात मी आणखी एक विद्या शिकलो, ती पत्रकं लिहिण्याची. एका बाजूला मजकूर, किंमत नाही, हातोहात वाटायचं. त्या विद्येनं माझी जीभ तिखट केली असं मुख्य कारकून म्हणत. त्यांना सगळे रावसाहेब म्हणत. ते मला 'अरे' म्हणत.

"अरे, उमेदवारी हे तप आहे," ते सुपारी कातरता कातरता सांगत. "आम्ही साडेसहा वर्षं केलं."

"रावसाहेब, तेव्हा कचेरीत जागा किती होत्या?"

"तीन."

"आता?"

"तुम्हा वऱ्हाडी लोकांना बोलण्याची रीत म्हणून नाही," रावसाहेब म्हणाले, आणि आत गेले.

माझी नजर एका जागेवर होती. अकोल्याच्या शाळेत एक दुय्यम शिक्षक हवा होता. गावोगावच्या होतकरू पंतोजींना शिकवायचं, आणि जिल्ह्याची माहिती शोधून त्यांच्यासाठी पुस्तकं तयार करायची. शिकवणं आणि शोधणं, दोन्ही एका जागेत. ही जागा माझ्यासाठीच काढली आहे असं मला वाटलं. आमच्या लोकांना आमच्याच मातीची माहिती आमच्यातलाच एकजण शिकवील, तर काय होणार नाही! साहेबांनी अट एकच घातली होती. जिल्ह्याच्या कापसाविषयी जो उत्तम रिपोर्ट लिहून देईल, त्याचा विचार पहिला होईल.

रावसाहेबांनी मला ओसरीवरून आत बोलावलं. उंबऱ्याच्या आत, जाजमाच्या अलीकडे.

"तुझी माणसं कापूसवाली ना? मग हा रिपोर्ट तूच कर. पुढचं माझ्याकडे."

मी त्या आठवड्यातच निघालो. थंडी पडली होती, बोंडं फुटली होती. तिवसा धरून वर्धेच्या काठानं कौंडण्यपुरापर्यंत मी अठरा गावं पालथी घातली, आणि शेवटी माझ्या आत्याच्या गावी आलो. माझी आई लहानपणी गेली, मला आत्यानंच वाढवलं. नवऱ्यामागं तिनं एकटीनं शेत सांभाळलं, आणि त्याच कापसावर मला पुण्यास ठेवलं.

मी पोचलो तो पहिल्या वेचणीचा दिवस होता. आमच्याकडे पहिली वेचणी अशी भसकन सुरू होत नाही. बाया दहीभात घेऊन शेताच्या कोपऱ्यात जातात, सीतादेवीची पूजा करतात, चारी दिशांना दहीभात शिंपडतात, आणि मग पहिल्या बोंडाला हात लावतात. पूजा आटोपली होती. मी बांधावर उभा. डोक्याला कचेरीचं पगोटं, बगलेत कागद. आत्यानं मला पाहिलं, आणि एका बाईला घरी पिटाळून बाज आणवली. आंब्याखाली बाज टाकली, वर नवं घोंगडं अंथरलं.

"बसा," ती म्हणाली.

मी ऐटीत बसलो. घरचं माणूस शिकून आलं, त्याच्या विद्येचा हा मान, असं मी समजलो. हा गाढवपणा मी इथे मुद्दाम लिहून ठेवतो. घरच्या माणसाला शेतात कधी कोणी बाज टाकली आहे?

मी कागद काढला. बाया पदर सावरून उभ्या राहिल्या.

"मागल्या साली बिघ्याला किती निघाला?"

"काय निघते बापा," एक म्हणाली. "देवाची दया."

"तरी?"

"लिवा दोन ओझे," आत्या म्हणाली. "दोनाच्या वर नाई."

"बी कुठलं पेरता?"

"बाजारातलं. गरिबाघरी कुठचं बी?"

मी लिहीत गेलो. मागल्या अठरा गावांतही हेच ऐकलं होतं: बिघ्याला दोन ओझी, बी बाजारातलं. रिपोर्टात मी मोठ्या अभिमानानं वाक्य घातलं, की सर्व गावांची माहिती एकमेकींशी तंतोतंत जुळते, यावरून ती अत्यंत विश्वासपात्र आहे. पुण्याच्या शिक्षणाचा हा प्रसाद!

रिपोर्ट पंचेचाळीस पानांचा झाला. मातीचे प्रकार, बोंडाच्या जाती, वेचणीच्या रीती, गाण्यांसुद्धा. रावसाहेबांनी तो वाचला. मान डोलावली. मसुदा आत गेला. आतून स्वच्छ नक्कल झाली, आणि नकलेच्या तळाशी सही झाली रावसाहेबांच्या भाच्याची.

हा भाचा देशावरून नुकताच रेल्वेनं आला होता. वाईट मुलगा नव्हता; तो वाईट असता तर माझं काम सोपं झालं असतं. भूमिती त्याला फार सुरेख येई. कापूस त्यानं दिव्याच्या वातीपलीकडे पाहिला नव्हता. एकदा ओसरीवर येऊन त्यानं मला हळूच विचारलं होतं, "अहो, कापसाचं झाड एकदा लावलं की किती वर्षं टिकतं?" मला 'अहो' म्हणणारा त्या कचेरीत तो एकटाच. महिनाभरात त्याची अकोल्यास नेमणूक झाली.

मी रावसाहेबांसमोर जाऊन उभा राहिलो. जाजमावर. मुद्दाम.

"ती पंचेचाळीस पानं माझी आहेत."

"तुझी? कुठे आहे तुझा हात त्याच्यावर? मसुदा दाखव."

मसुदा फाडला होता. रीतच होती तशी.

"हे पाहा," रावसाहेब आवाज उतरवून म्हणाले, "उमेदवारानं केलेलं काम कचेरीचं असतं. पुढली जागा निघाली की तुझीच."

या वाक्यावर वऱ्हाडातली किती पोरं म्हातारी होणार आहेत ते देव जाणे. मी त्याच दुपारी छापखान्यात गेलो. दगडाच्या शिळेवर पंचांगं छापणारा तो छापखाना. छापखानेवाला माझ्या पत्रकांचं जुनं गिऱ्हाईक, म्हणजे छापून देई आणि स्वतःच पहिला वाचून हसे. मी मजकूर लिहिला. 'अकोल्याच्या विद्वान शिक्षकांस जाहीर प्रश्न: कापूस झाडावर येतो की वेलावर?' असा मथळा. खाली सगळी हकीकत, सहीनिशी. मजकूर शिळेवर चढला. छापण्याआधी तो आत्याला वाचून दाखवावा असं मनात आलं, म्हणून नक्कल घेऊन मी गावी गेलो. तिच्या कष्टाचा पैसा मी पाण्यात घातलेला नाही, हे तिला कळावं, एवढंच.

आत्या अंगणात डाळ पाखडत बसली होती. मी साधं धोतर नेसलो होतो, डोकं उघडं. मी सगळं वाचलं. ती सूप थांबवून ऐकत होती. 'दोन ओझी' आलं तशी ती एकदम हसत सुटली.

"थे खरं समजला का तू?"

"म्हंजे?"

"अरे पोट्ट्या, थे सगळं झूट होतं. दोनाचे पाच समज. औंदा तर सहा होते."

"आन् बी?"

ती उठली, घरात गेली, आणि तोंड शेणानं लिंपलेलं एक मडकं कडेवर घेऊन आली. पहिल्या वेचणीची सरकी. बाया हातानं काढतात, राखेत घोळून ठेवतात, दुसऱ्या वेचणीची त्यात मिसळू देत नाहीत. "बाजारातलं बी पेरनारा येडा बयताड," ती म्हणाली. "सरकी काढाच्या नव्या यंत्रात सतरा गावचं बी एक होते. हे माह्या सासूच्या सासूपासूनचं हाय."

ज्याला शोध म्हणतात तो हा, मडक्यात. माझ्या पंचेचाळीस पानांत त्याचं एक अक्षर नाही.

"आत्या, मले काहून नाई सांगितलं?"

"तुले? तू कुठी आलता?" ती डोळे मोठे करून म्हणाली. "थो तं कचेरीचा मानूस आलता. डोक्यावर पगोटं, हातात कागद. बाज टाकली ना म्या त्याले."

"आन् अठरा गावं तेच सांगतात?"

"चावडीत ठरलं होतं. साखळ्या घेऊन जमिनी मोजनारे फिरून राहिले. शेतसारा कशावर बशीन? पिकावर. आज कापसाले भाव हाय, उद्या थो उतरन. सारा उतरन का? कोनीबी इचारलं तं दोनच सांगायचे. तुह्या हातातला कागद कोनाकडे जानार हाय, तुले तरी ठाव होतं का?"

ठाव नव्हतं. मी अमरावतीस परत येईपर्यंत पायी चालत होतो आणि कोणावर चिडावं ते मला कळत नव्हतं. म्हणून सगळ्यांवर चिडलो. रावसाहेबांवर, भाच्यावर, आत्यावर, आणि बाजेवर बसलेल्या त्या शहाण्यावर.

छापखानेवाल्याला सांगितलं तेव्हा तो टाळी देत म्हणाला, "मग तर आणखी झकास! मथळा बदला. 'सरकारी रिपोर्ट खोटा.' भाचा दोन दिवसांत घरी."

"आणि दोन महिन्यांत सारा दुप्पट."

त्यानं टाळीचा हात मागे घेतला. मी म्हटलं, शिळा तशीच ठेवा, उद्या सांगतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी साहेबांचं बोलावणं आलं. मला. ओसरीवरच्या माणसाला.

साहेबांच्या खोलीत अकोल्याहून आलेला भाचा उभा होता, कान लाल झालेले. रावसाहेब दाराशी. मेजावर माझा रिपोर्ट, दुसऱ्याच्या अक्षरात. साहेब मुनशीकडून मराठी शिकले होते. तोलून मापून बोलत.

"हे शिक्षक आज मजला म्हणाले, की हा रिपोर्ट त्यांनी लिहिला नाही. तुम्ही लिहिला. सत्य आहे?"

मी भाच्याकडे पाहिलं. म्हणजे यानं स्वतःहून सांगितलं होतं! त्या कचेरीत एवढी हिंमत मी पावणेदोन वर्षांत पाहिली नव्हती, आणि ती नेमकी त्याच्यात निघावी याचाही मला राग आला.

"सत्य आहे."

"फार चांगला लिहिला आहे. मजला एकच शंका. सगळी गावे एकच उत्तर देतात. हे कसे?" साहेबांनी माझ्या त्या अभिमानाच्या वाक्यावर बोट ठेवलं. "जमीन मोजणारे साहेब म्हणतात, पीक याच्या दुप्पट असले पाहिजे. तुम्ही त्या गावांचे आहात. तुम्हांस लोक खरे सांगतील. आकडे चुकले असतील तर तसे लिहून द्या. मोजणीवाल्यांबरोबर एक महिना हिंडा, खरे पीक दाखवा. अकोल्याची जागा उद्यापासून तुमची. रिपोर्ट तुमच्या नावाने छापू."

मला हवं होतं ते सगळं त्या चार वाक्यांत होतं. शिकवणं, शोधणं, नाव. माझ्यासारख्या कुळंब्याच्या पोराला असं बोलावून जागा देणारा साहेब पुन्हा भेटणार नव्हता. खरं बोलायचं होतं, एवढंच! मी पत्रकांतून जन्मभर दुसरं काय करीत होतो?

आणि ते खरं बोललो असतो तर त्या अठरा गावांच्या डोक्यावर माझ्या सहीनं सारा बसला असता.

"आकडे बरोबर आहेत," मी म्हणालो.

"सर्व गावांचे एकच?"

"जमीन एकच आहे साहेब."

"विचार करून बोला."

"बिघ्याला दोन ओझी. त्याच्या वर नाही."

साहेबांनी त्या वाक्यावरचं बोट उचललं. मग रिपोर्ट मिटला. "तर मग रिपोर्ट बरोबर आहे. बरोबर रिपोर्टावर ज्याची नेमणूक झाली, ती मोडण्यास मजला कारण नाही." भाचा काही बोलणार होता. साहेबांनी हात वर केला.

बाहेर आल्यावर रावसाहेबांनी माझ्या पाठीवर थाप मारली. "शहाणा आहेस. पुढची जागा—"

"पुढच्या जागेवर तुमच्या भाच्याचा भाऊ बसवा," मी म्हणालो, आणि घोंगडं झटकून निघालो. घोंगड्यातली वाळू नेमकी वाऱ्यावर उडाली आणि रावसाहेबांच्या सुपारीच्या डब्यात गेली. ते मी मुद्दाम केलं असं ते सांगत फिरतात. त्यांना सांगू द्यावं.

छापखान्यात जाऊन ती शिळा मी स्वतः पाण्यानं आणि वाळूनं घासली. अक्षरं सहज जात नाहीत. खांदा दुखेपर्यंत घासावं लागतं. छापखानेवाला पाणी ओतत राहिला, ही त्याची मेहेरबानी.

आत्याला सांगितलं. मला वाटलं, ती रडेल, निदान डोक्यावरून हात फिरवील.

"मंग?" ती म्हणाली. "दुसरं काय सांगनार होता? जेव आता, भाकर थंडी होऊन राहिली."

मी जेवलो. पण माझा राग गेला नाही, आणि तो जावा अशी माझी इच्छाही नाही. जो शिकला त्याला शिकवायची जागा दोनच वाटांनी मिळते: मामा असावा, नाहीतर आपल्या घरच्यांची चुगली करावी. तिसरी वाट या खात्यानं बांधलीच नाही. आमच्या बाया कचेरीच्या माणसाशी खोटं बोलतात म्हणून त्यांना अडाणी म्हणणाऱ्यांनी आधी हे सांगावं, की कचेरीच्या माणसाला खरं सांगून आजवर कोणाचं भलं झालं?

पावसाळ्याच्या तोंडाशी अकोल्याहून भाच्याचं पत्र आलं. 'स. न. वि. वि.' वगैरे सगळं बैजवार. त्यानं लिहिलं होतं, की वर्गात तो माझा रिपोर्ट शिकवतो. समोर वीस-बावीस वऱ्हाडी मुलं, सगळी शेतकऱ्यांची. आणि 'बिघ्याला दोन ओझी' हे वाचलं की सगळा वर्ग खाली मान घालतो. कोणी हसत नाही, कोणी विचारीत नाही. 'माझे काही चुकते काय? आपण खुलासा कराल तर उपकार होतील.'

वीस-बावीस पोरं! उद्या तीच गावोगाव पंतोजी होतील, आणि हेच धड्यात वाचतील, आणि त्यांच्यापुढली पोरं अशीच मान घालतील. मी केलेलं खोटं आता विद्या म्हणून शिकवलं जातं. वऱ्हाडात कापसावर लिहिलेलं पहिलं पुस्तक हे असं आहे.

कापसाविषयी मी त्याला काही लिहिलं नाही. एक अर्ज पाठवला. विद्याखात्यातली फुकट उमेदवारी बंद करावी. जागा निघाली की प्रत्येक तालुक्याच्या चावडीवर कागद लावावा. परीक्षा उघड्यावर घ्यावी. आणि ज्यानं लिहिलं त्याचंच नाव कागदाखाली राहावं. सही करता काय, एवढंच विचारलं. शेवटचं कलम वाचून तो सही करणार नाही अशी माझी खात्री होती. त्यानं केली, आणि त्या वर्गातल्या चौदा मुलांच्याही मिळवून पाठवल्या. हे मात्र मी त्याच्या नावावर लिहीन.

अर्ज अमरावतीच्या कचेरीत दाखल झाला त्याला आता बरेच दिवस झाले. परवा मी चौकशीस गेलो होतो. साहेबांच्या मेजावर जाण्यासाठी त्याची स्वच्छ नक्कल व्हायची आहे, असं समजलं. मूळ कागद ओसरीवर होता. एक नवा उमेदवार, माझ्याहून दोन वर्षांनी लहान असेल, मोर्शीकडचा, घोंगड्यावर बसून घरच्या शाईनं त्याचा मसुदा उतरवून काढत होता.

"काय लिहून राहिला?" मी विचारलं.

"कोणाचा तरी अर्ज हाय," तो मान वर न करता म्हणाला. "वाचाले येळ नाई. आज संपला पायजे."